पाण्यावरची आळी

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून मुठा नदीत ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. सोसायट्यांच्या आवारात बोटी फिरल्या. तेव्हापासून तरंगत्या घराचा विषय निघाला की पुण्यातला माणूस कान टवकारतो. पाणी चढलं तर घरही चढेल, मग भीती कशाची?

अशी घरं आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तर भागात, योहान फान हासेल्ट कालव्यावर, त्यांची एक आळीच वसली आहे. नाव स्खोनस्खिप, म्हणजे स्वच्छ जहाज. मार्यान दे ब्लोक या टीव्ही दिग्दर्शिकेने तरंगत्या घरावर माहितीपट केला आणि तिलाच तसं राहावंसं वाटलं. तिने माणसं जमवली, पण पहिली घरं पाण्यावर यायला डिसेंबर २०१८ उजाडला. जवळजवळ दहा वर्षं! आज ३० तरंगत्या तळांवर ४६ कुटुंबं राहतात.

घराखाली पाया नाही, काँक्रीटचा पोकळ हौद आहे. कालव्याच्या तळात रोवलेल्या पोलादी खांबांना घर कड्यांनी अडकवलेलं असतं. पाणी वरखाली झालं की घर खांबावर सरकतं, वाहून जात नाही. सामान मात्र तोलूनमापून ठेवावं लागतं. पुस्तकांची जड कपाटं सगळी एकाच भिंतीला लावली, तर घर त्या अंगाला कलतं.

मला सगळ्यात भावला तो धक्का. घरांना जोडणारा हा धक्का म्हणजेच तिथली आळी. शेजारी त्याच्यावर उभ्या उभ्या बोलतात आणि त्याच्याच पोटातून सगळ्यांच्या तारा नि नळ जातात. छपरांवर ५०० हून जास्त सौरपॅनेल आहेत. एकाकडे उरलेली वीज दुसऱ्याला मिळते, शहराच्या वीजपुरवठ्याशी अख्ख्या वस्तीची जोडणी एकच. घर उबदार ठेवायला लागणारी उष्णता पंपाने कालव्याच्याच पाण्यातून घेतात. संडासाचं पाणी आणि मोरीचं पाणी वेगवेगळ्या नळांनी जातं. उन्हाळ्यात लोक दारातून उडी मारून पोहतात.

मुठेत हे जमेल? त्या कालव्याची पातळी वर्षभर जवळपास तीच असते. मुठा मार्चमध्ये ओढ्याएवढी, आणि आषाढ-श्रावणात भिडे पूल गिळणारी. झाडंझुडपं घेऊन येणाऱ्या त्या लोंढ्यात, खांबाला अडकवलेल्या घरात, मी तरी माझ्या माणसांना झोपवणार नाही. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा पाणी येतं तिथवर, घर कसलंही बांधा, जागा नदीचीच.

घरं सोडा, पुण्यात नदीवर होड्या चालतात त्याही मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या संथ पाण्यात. पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आता ते विद्यापीठ आहे) बोट क्लब तिथे १९२८ पासून आहे. पण जलपर्णी दाटली की तिथेही वल्हं अडकतं, आणि जलपर्णी पोसली जाते ती आपल्याच सांडपाण्यावर. स्खोनस्खिपमधलं काही पुण्यात आणायचं झालं, तर मी सगळ्यात आधी संडासाचा आणि मोरीचा तो वेगवेगळा नळ आणीन.