फायनल, नवीन फायनल, खरं फायनल!

मैत्रिणींनो, बचत गटाची वही आपण किती जपतो! कोणी किती भरले, कोणी किती उचलले, तारीख, सही, सगळं त्यात असतं. नोंद चुकली तर पान फाडायचं नाही, खाली दुरुस्तीची नोंद घालायची. मग हीच शिस्त कॉम्प्युटरवर का नको?

हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी घरबसल्या व्हिडिओ जोडतात, जाहिराती, मुखपृष्ठं करतात. पण फाइलींची नावं बघा! ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरं फायनल’. यातली नेमकी कोणती घ्यायची, हे करणारीलाही सांगता येत नाही.

आमच्या मंडळातल्या चौघी जणी जात्यावरच्या ओव्यांचा माहितीपट करताहेत. गाणाऱ्यांपैकी एक आजी आता राहिल्या नाहीत. त्यांचा आवाज पुन्हा कुठून आणणार? म्हणूनच मी या विषयात डोकं घातलं.

असा प्रसंग मोठमोठ्यांवरही येतो बरं का. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू होतं. एका चुकीच्या आज्ञेने सिनेमाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रती काढल्या, तर त्याही अपुऱ्या! तेव्हा गॅलिन सुसमन यांची आठवण झाली. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या आणि सिनेमाची प्रत त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीत घालून स्टुडिओत आणला आणि काम वाचलं. १९९९ मध्ये सिनेमा झळकला.

पण दरवेळी नशीब कसं साथ देईल? त्यासाठी ‘व्हर्जन कंट्रोल’ नावाची साधनं आहेत. म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याची वहीच म्हणा ना. कोणी, कधी, काय बदललं, हे त्यात राहतं आणि वाटेल तेव्हा जुन्या टप्प्यावर परत जाता येतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेलं ‘गिट’ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध आणि मोफत साधन.

अडचण एवढीच, की गिट मुळात प्रोग्रामच्या मजकुरासाठी बनलं. व्हिडिओ, फोटो, आवाजाच्या फाइली पडल्या वजनदार! प्रत्येक बदलाला अख्खी फाइल साठवली, की वही फुगलीच म्हणून समजा. गिटहबसारख्या ठिकाणी तर १०० एमबीहून मोठी फाइल नुसती टाकायला गेलं तर घेतच नाहीत. यावर २०१५ मध्ये ‘गिट एलएफएस’ आलं. मोठी फाइल वेगळ्या कोठारात ठेवायची आणि वहीत फक्त तिची चिठ्ठी लावायची. गेम बनवणारे मोठे स्टुडिओ ‘परफोर्स’ नावाचं साधन वापरतात, तेही अशा जड फाइलींसाठीच.

आणखी एक गोष्ट. दोघींनी लिहिलेला मजकूर एकत्र करता येतो, पण दोघींनी बदललेला एकच फोटो कसा जोडणार? म्हणून या साधनांत फाइलीला कुलूप लावायची सोय असते. एकीचं काम होईपर्यंत दुसरीने हात लावायचा नाही. एका तव्यावर दोघींनी पोळ्या लाटून टाकल्या तर काय होईल, तसंच!

मात्र कोठाराला जागा लागते, फुकट मिळणारी जागा लवकर संपते. शिवाय सगळं एकाच ठिकाणी असेल तर वही असूनही उपयोग नाही. मूळ चित्रीकरणाला हात न लावता त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवाच. साधन शिकायला वेळ नसेल, तर निदान फाइलीच्या नावात तारीख घाला आणि काय बदललं ते एका ओळीत लिहून ठेवा.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट सांगू? वहीत प्रत्येक कामापुढे नाव असतं. रात्री मुलं झोपल्यावर कोणी आवाज स्वच्छ केला, कोणी चित्रं जुळवली, ते सगळं दिसतं. बायकांचं काम घरात असो की बाहेर, बहुधा बिननावाचंच जातं. आमच्या माहितीपटाच्या शेवटी मात्र या वहीत बघूनच नावं लिहिली जाणार आहेत.