अल्प्राझोलाम : गोळी अचानक बंद करू नका

अल्प्राझोलाम ही तीव्र चिंता आणि पॅनिक अटॅकवर दिली जाणारी गोळी आहे. तिने लवकर आराम पडतो. मात्र रोज काही आठवडे घेतल्यास शरीराला तिची सवय लागते. मग 'आता बरं वाटतंय' म्हणून ती एकदम बंद केली, तर झोप उडते, हात थरथरतात, घाबरेपणा वाढतो. कधी फिटही येऊ शकते. म्हणून डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावा.

गोळीसोबत दारू घेऊ नका. श्वास मंदावू शकतो. ट्रामाडोलसारखे वेदनाशामक चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. गुंगी वाटत असल्यास गाडी चालवू नका. वयस्कर रुग्णांचा रात्री उठताना तोल जाऊ शकतो. घरच्यांनी सोबत राहावे. हलवूनही रुग्ण जागा होत नसेल, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या.