गेलेल्या माणसांचा हिशेब

२०१९ च्या डिसेंबर महिन्यात मालवण तालुक्यातील वराड या गावी एक पाहुणे आपल्या कुटुंबीयांसह येऊन गेले. ते त्या वेळी आयर्लंडचे पंतप्रधान होते. लिओ वराडकर यांचे वडील मूळचे याच गावचे. डॉक्टर होऊन ते इंग्लंडला गेले, तेथे आयर्लंडहून आलेल्या एका परिचारिकेशी त्यांचा परिचय होऊन विवाह झाला आणि १९७० च्या दशकात हे दांपत्य डब्लिनला स्थायिक झाले. गावाने पाहुण्यांचे अगत्याने स्वागत केले, आणि ते योग्यच होते. परंतु त्या कौतुकात एक गोष्ट नजरेआड झाली. एक कोकणी डॉक्टर आणि एक आयरिश परिचारिका यांची गाठ तिसऱ्याच देशात पडावी हा केवळ योगायोग नव्हता. दोघांचीही मायभूमी पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले बाहेर पाठवूनच जगत आली होती.

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरिबांचे सारे अन्न म्हणजे बटाटा. तो शेतात कुजत असताना त्याच देशातून धान्य भरलेली जहाजे इंग्लंडकडे जात राहिली. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक परागंदा झाली. १८५१ मध्ये ६५ लाख उरली. येथवरची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. विचार करण्याजोगा भाग त्यानंतरचा आहे. दुष्काळ सरला, पण माणसांचे जाणे थांबले नाही. ते शंभर वर्षे चालू राहिले. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून एका मुलाने शेती करावी आणि इतरांनी बोटीत बसावे, ही घराघरांतील रीत झाली. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी त्या घरी जमत. मयताच्या घरी जागरण करावे तसे ते जागरण असे, कारण निघालेले माणूस पुन्हा दिसणार नाही हे सर्वांना माहीत असे. पुढे बॉस्टनहून वा न्यूयॉर्कहून पत्र येई आणि पत्रात पैसे. त्या पैशांतून खंड भागे आणि धाकट्या भावंडाचे तिकीट निघे. गेलेल्या माणसाचा पैसा पुढच्या माणसाच्या जाण्याचीच सोय करीत होता.

१९२२ मध्ये स्वराज्य मिळाले, तरीही हे चक्र फिरतच राहिले. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसांनी देश सोडला आणि १९६१ मध्ये प्रजासत्ताकाची लोकसंख्या अवघी २८ लाखांवर आली. तेवढ्याच प्रदेशात १८४१ साली ६५ लाख लोक राहत होते. राज्यकर्ते हळहळ व्यक्त करीत, पण मनातून त्यांची अडचण दूरच होत असावी असे वाटते. जो तरुण बेकार राहून सभेत प्रश्न विचारणार तोच लिव्हरपूलच्या बोटीत बसला, की प्रश्न विचारणारा उरत नाही. स्थलांतराने कुटुंबे तगली, यात शंका नाही. पण त्याने देशाला न बदलता जगण्याची मुभाही दिली.

हे वाचताना कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली की रत्नागिरीच्या खेड्यात वाण्याची उधारी फिटे. तो गणपतीला आणि शिमग्याला येई. एरवी शेत, गुरे, म्हातारे आणि मुले यांचा भार बाईवर. आयर्लंडमधून मुलीही मुलांच्या बरोबरीने गेल्या, बॉस्टनच्या घरांत मोलकरणी झाल्या. कोकणात पुरुष गेले आणि बायका मागे राहिल्या. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्याला स्त्रीसन्मानाचे लक्षण मानणारी भाषणे ऐकली की हसावे की रडावे ते कळत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले आणि कोकणातील कितीतरी घरांची मनीऑर्डर बंद झाली. कामगार गावी परतले तेव्हा दिसले, की इतक्या वर्षांच्या पैशाने घरावर कौले चढली, लग्ने झाली, पण गावातच पोट भरेल असे काही उभे राहिले नव्हते. हा दोष त्या माणसांचा नव्हे. मनीऑर्डरीने धरण बांधले जात नाही. ते सरकारचे काम. मुले पुन्हा मुंबईलाच गेली. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली.

आयर्लंडमध्ये वळण आले ते गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशाने नव्हे. १९५८ मध्ये टी. के. व्हिटेकर या सनदी अधिकाऱ्याने आर्थिक विकासाचा अहवाल लिहून जुने बंदिस्त धोरण सोडण्याचा सल्ला दिला. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९७३ मध्ये देश युरोपीय समूहात गेला. फळ लगेच मिळाले नाही, १९८० च्या दशकात तरुण पुन्हा लंडनला जाऊ लागले होते. पण १९९० नंतर परतणाऱ्यांची रांग लागली आणि त्यांच्यामागून परकेही आले. २०२२ च्या जनगणनेत दर पाच रहिवाशांतील एक परदेशात जन्मलेला आढळला. संपूर्ण बेटाची लोकसंख्या मात्र आज सत्तर लाखांच्या आसपास आहे. पावणेदोनशे वर्षांनीही १८४१ ची भरपाई झालेली नाही.

आणि ज्यांचे पूर्वज परक्या बंदरांत उभे राहिले, त्यांनी नव्या आगंतुकांना कसे वागवले? २००४ मध्ये, देशात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप मिळणारे नागरिकत्व रद्द करण्याच्या बाजूने ७९ टक्के मते पडली. २०२३ च्या नोव्हेंबरात डब्लिनच्या रस्त्यांवर स्थलांतरितांविरोधी दंगल झाली, बसगाड्या जळल्या. त्याच देशाने वराडच्या डॉक्टरांच्या मुलाला दोनदा पंतप्रधानही केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कोकणातही आता येणारी माणसे आहेत. सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यांतील बहुतेक नावे मुंबई-ठाण्यात. म्हणून भातखाचरे पडीक राहतात. हापूसच्या बागांची राखण मात्र नेपाळहून आलेला मजूर करतो. बागेतल्याच खोपटीत त्याचे बिऱ्हाड असते. गावच्या यादीत त्याचे नाव नसते आणि आंब्याच्या पेटीवरही नसते. महिनाअखेरीस तो डोंगरापलीकडच्या आपल्या गावी पैसे पाठवतो. तेथे त्याची म्हातारी आई आणि बायको शेत सांभाळत असतात.