नक्षत्रांचे गॅझेटियर

जिल्ह्याचे गॅझेटियर करमणुकीसाठी सहसा कोणी वाचीत नाही. गावांची नावे, लोकसंख्या, पर्जन्यमान, बाजारपेठा. सारा रुक्ष मामला. परंतु ज्याला त्या मुलखातून वाट काढावयाची आहे, त्याला त्यातील एकेक ओळ मोलाची वाटते. अमेरिकेत १९७९ साली निघालेली ‘द स्पिनवर्ड मार्चेस’ ही पुस्तिका याच जातीची आहे. फरक इतकाच, की तिच्यातला मुलूख कोठेही अस्तित्वात नाही.

ही पुस्तिका म्हणजे ‘ट्रॅव्हलर’ या बैठ्या खेळाची पुरवणी. मार्क मिलर यांनी रचलेला हा खेळ १९७७ साली गेम डिझायनर्स वर्कशॉप या संस्थेने प्रसिद्ध केला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण दूरच्या भविष्यकाळातील एखाद्या अंतराळप्रवाशाची भूमिका घेतो, एकजण सूत्रधार होऊन प्रसंग उभे करतो आणि यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे पडतात.

आता मूळ खेळाच्या तीन पुस्तिकांपैकी तिसरीत ग्रह निर्माण करण्याची रीत दिलेलीच आहे. फासे टाकावे आणि ग्रहाचा व्यास, हवा, पाणी, लोकसंख्या, राज्यपद्धती क्रमाने ठरवीत जावे. मग जे घरच्या घरी होते, त्यासाठी पदरचे पैसे का मोजावेत? या पुरवणीचे मोल ठरविताना हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

पुस्तिकेत सोळा नकाशे आहेत, आणि चारशेंहून अधिक ग्रहांना प्रत्येकी एकच ओळ आहे. रेजिना या ग्रहापुढे ‘ए७८८८९९’ अशी अक्षरांकांची माळ दिसते. ‘ए’ म्हणजे अव्वल दर्जाचे अंतराळबंदर. पुढे व्यास सुमारे ७,००० मैल, हवा दाट, पृष्ठभागाचा ८० टक्के भाग पाण्याखाली, वस्ती कोट्यवधींची, कारभार नोकरशाहीचा आणि कायदा फार कडक. पहिल्या दर्शनी हे सारे खतावणीसारखे निर्जीव वाटते.

पण एक गरीब व्यापारी डोळ्यांपुढे आणावा. त्याचे जहाज कर्जाचे; किमतीचा दोनशेचाळीसावा भाग दरमहा, असे हप्ते ४० वर्षे फेडावयाचे. जहाज एका उडीत एकच पार्सेक, म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे जाते, आणि त्या उडीस आठवडा लागतो. आता नकाशावरील रिकामी घरे बोलू लागतात. शेजारच्या घरातला दरिद्री ग्रह त्याला गाठता येतो. एक घर सोडून पलीकडे असलेली श्रीमंत पेठ मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहते. एकेका उडीच्या अंतरावरील ग्रहांची जी लांबच लांब साखळी या नकाशांतून गेली आहे, तिच्यावरच त्याचा संसार चालावयाचा. फाशांनी सुटे ग्रह घडविता येतात. परंतु परस्परांशी असा व्यवहार असलेला सलग मुलूख घडविणे हे महिनोगणतीचे काम आहे. पैसे पडतात ते त्या कामाचे.

शिवाय हा मुलूख सरहद्दीचा. पलीकडे झोदानी हे प्रतिस्पर्धी राष्ट्र. जहाजाहून वेगवान निरोप या खेळात नाहीच, त्यामुळे साम्राज्याच्या राजधानीचा हुकूम येथे पोचेपर्यंत महिने लोटतात आणि स्थानिक अधिकाऱ्यास स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा लागतो. नाट्य यातच आहे.

दोषही लहान नाहीत. मूळ रीतीत बंदराचा दर्जा आणि लोकसंख्या यांची सांगड घातलेली नाही. तेव्हा मूठभर वस्तीपुढे भलेमोठे बंदर, असे चमत्कार घडू शकतात, आणि पुस्तिका त्यांचा खुलासा करीत बसत नाही. लोक काय खातात, कोणाला भजतात, कशावरून भांडतात, याविषयी बहुतेक ठिकाणी मौनच आहे. तयार कथानक हवे असणाऱ्याने ही घेऊ नये. ज्या सूत्रधाराला ते चमत्कारिक बंदर पाहून ‘हे कोणी बांधले, आणि बांधणारे गेले कोठे?’ असे विचारावेसे वाटते, त्याला मात्र त्या एका ओळीतून दोन संध्याकाळींचा खेळ सहज मिळेल.