पाणी वर चढवणारं वीजघर

रायगड जिल्ह्यात भिऱ्याला टाटा पॉवरच्या वीजघरात दोन्हीकडे फिरणारं एक यंत्र आहे. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून, मग पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं, चाक फिरवतं आणि वीज तयार होते. चाक उलटं फिरवलं की जनित्राची मोटर होते, टर्बाइनचा पंप होतो आणि पाणी पुन्हा घाट चढतं. क्षमता 150 मेगावॉट. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी पडलं तरी हाती येते जेमतेम सव्वा युनिट वीज. तेवढंच पाणी वर चढवायला मात्र दीड युनिटाहून जास्त लागते. उघड घाट्याचा सौदा!

तरीही वीजकंपन्या आज अशाच यंत्रांच्या मागे आहेत, कारण युनिटची किंमत आता घड्याळावर ठरते. भिऱ्याचा पंप बसला 1990 च्या दशकात. तेव्हा वीज उरायची रात्री. गिऱ्हाईक नाही म्हणून कोळशाचे संच रोज विझवता येत नाहीत. आता सौर पॅनेलांमुळे वीज दुपारी उरते आणि सूर्य कलला की मागणी एकदम चढते. राज्यात उद्योगांना वीजदरात दिवसा सवलत मिळते, संध्याकाळी अधिभार लागतो.

टाटांना तर पाण्याकडे वळायला आणखी एक कारण आहे: कोळशाने त्यांना चांगलंच पोळलं आहे. गुजरातेतल्या मुंद्र्याचा 4000 मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प त्यांनी युनिटला सरासरी 2 रुपये 26 पैसे बोलीवर घेतला. पुढे इंडोनेशियाने कोळसा निर्यातीचे नियम बदलले, भाव कडाडले, आणि त्यापोटी भरपाई द्यायला सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये नकार दिला. मुळशीच्या पाण्याचा भाव जकार्तात ठरत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये कंपनीने राज्य सरकारशी भिऱ्यासारख्याच पाणी चढवणाऱ्या दोन प्रकल्पांचा करार केला: शिरवटा 1800 मेगावॉट, भिवपुरी 1000. दोन्ही नावं जुनीच. शिरवट्याचं पाणी खोपोलीच्या 1915 च्या वीजघराला जातं. भिवपुरीचं वीजघर 1922 चं. कंपनीची खरी मिळकत हे घाटमाथ्यावरचे तलाव आणि खालचा कडा. ती सुखासुखी हाती आलेली नाही. मुळशीचे मावळे 1921 ते 1924 सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध लढले, हरले, त्यांच्या जमिनी बुडाल्या. भीमेच्या खोऱ्यातलं पाणी कोकणात उतरवण्याबद्दल पूर्वेकडच्या भागाची तक्रार तर आजही आहे. पंपाने ती मिटणार नाही. तो आपल्या वाट्याचं पाणी वर-खाली करत राहील, बाकीचं वीज करून कुंडलिका नदीतून समुद्राला जाईल.