प्रतिपक्षाचेही ऐका!

लोकशाहीत वाद वाढले म्हणून भिण्याचे कारण नाही. वाद घालणारे एकमेकांचे ऐकेनासे झाले म्हणजेच भ्यावे. अमेरिकेचा इतिहास याची साक्ष देतो.

१८५८ साली इलिनॉय राज्यात लिंकन व डग्लस यांनी गुलामगिरीच्या विस्ताराबद्दल सात गावी जाहीर वाद घातला. एकाने तासभर बोलावे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यावे, पहिल्याने पुन्हा अर्धा तास समाचार घ्यावा, असा क्रम असे. हजारो श्रोते दोन्ही बाजू ऐकत. खुद्द गुलामांना मात्र त्या व्यासपीठावर जागा नव्हती, हे त्या वादाचे मोठेच वैगुण्य होय.

पुढे १९४९ साली तेथील सरकारी दळणवळण आयोगाने नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर, वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांत भिन्न मतांना न्याय्य संधी देण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ते वैध ठरविले. १९८७ साली आयोगानेच ते रद्द केले. अशा धाकाने केंद्रे नाजूक विषयच टाळतील, हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि चर्चेवर सरकारी पहारा आम्हांसही रुचत नाही. परंतु नियम गेला म्हणून कर्तव्य जात नाही!

आज बंदुका, गर्भपात, वर्णभेद, स्थलांतर यांवर तेथे बोलणे उदंड आहे. स्वतःस रुचेल तेवढेच ऐकण्याची सोय त्याहून उदंड आहे. प्रतिपक्षाला मत देऊ नये, पण कान अवश्य द्यावा. जो तेवढेही नाकारतो, त्याचे स्वतःचे मतही कधी कसास लागत नाही.