दहाची नोट त्याच्या हातात द्या!

आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आणि याच नाशिक रोडला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती घरचे लोक दहाची नोट देत नाहीत, कारण काय, तर तो ‘वेडा’ आहे! हा शब्द आम्ही विहारात वंदना झाल्यावरही ऐकला, म्हणून लिहिणे भाग पडले. मानसिक आजार वेगळा आणि ही स्थिती वेगळी. २०१६ च्या कायद्यात तिला बौद्धिक दिव्यांगता म्हटले आहे. ही मुले शिकतात, पण सावकाश.

नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये अशा मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा काढली. पण सारे शाळेवर सोडून भागत नाही. वर्गात पुठ्ठ्याच्या नोटा ओळखणारे पोर खऱ्या दुकानात गांगरते.

आमच्या वस्तीतल्या एका माउलीने कसे केले ते सांगतो. पहिला महिनाभर वस्तू एकच, दहा रुपयांचा बिस्किटपुडा. मुलाला वाचता येत नाही, म्हणून नमुन्याला रिकामा कागद त्याच्या हातात. दुकान एकच, वेळ दुपारची, गिऱ्हाईक नसतानाची. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवलेले. मुलगा कागद दाखवी, नोट देई, पुडा घेई. अडला तर आई पायरीखाली उभी राहून मनात वीस आकडे मोजी, मगच पुढे होई. “पोराला शिकवण्यापेक्षा ते वीस मोजणंच जड गेलं,” असे ती म्हणाली.

नोटा ओळखताना केवळ रंगावर विसंबू नये. २०१८ मध्ये शंभराची फिकट जांभळी नोट आली, पण जुनी निळसरही चालते. नवी वीसची आणि दोनशेची, दोन्ही पिवळसर. त्यापेक्षा चित्र दाखवावे. दोनशेच्या नोटेमागे सांचीचा स्तूप आहे. हा मुलगा तो पाहताच हात जोडतो. दुकानातसुद्धा! जोडू द्या.

हिशेब जमत नसेल तर दहाच्याच नोटा द्याव्यात. भाव चौतीस म्हटला की तिसाच्या तीन आणि वर एक. उरलेले पैसे दुकानदार परत देईल, ते घरी मोजून घ्यावेत.

एकाने मात्र दिले नाहीत. पन्नासची नोट घेतली, तीस रुपये परत द्यायचे ते ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी आई मुलाला घेऊनच गेली आणि त्याच्याच तोंडून पैसे मागवले. पैसे मिळाले, वर ऐकावे लागले, “याला कशाला पाठवता?” आमच्या आजोबांना दुकानाच्या पायरीखाली उभे करीत, पुडी वरून टाकीत. आम्हांला तो आवाज ओळखीचा वाटला.

दुकान तिने बदलले, मुलाला घरी बसवले नाही. आता रविवारी विहारात लागणाऱ्या मेणबत्त्या तोच आणतो. गेल्या रविवारी एक कमी आणली. पुन्हा पाठवले. गेला आणि घेऊन आला.